गिरजामावशीचं विरजण

हल्ली लोक ताक म्हणून जे पुढे करतात ते पाहून माझं डोकं फिरतं. पिशवीतलं दही मिक्सरमध्ये टाकायचं, नळाचं पाणी ओतायचं, गर्रकन फिरवायचं, वर पुडीतला मसाला भुरभुरायचा, आणि "घ्या काकू, मठ्ठा घ्या!" मी घेते. न घेऊन जाते कुठे? पण पेला तोंडाशी नेताना माझा हात कुठवर गेलाय ते मी अजून बघते. ही सवय मला नाचणगावच्या गिरजामावशीमुळे लागली. असलं ताक तिनं म्हशीलाही पाजलं नसतं.

तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं. आमचे हे पुलगावच्या गिरणीत कारकून. पुलगावात परवडेल अशी जागा मिळेना, म्हणून शेजारच्या नाचणगावात गिरजामावशीच्या घराला लागून दोन खोल्या घेतल्या. मावशी कुणब्याच्या घरची, उंच, हाडापेराची, काळीसावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मुली लग्न होऊन गेलेल्या. घरात ती, तिचा अबोल नवरा आणि म्हशी. नवऱ्यापेक्षा ती म्हशींशी जास्त बोलायची, आणि खरं सांगायचं तर म्हशीच जास्त उत्तरं द्यायच्या.

माझं माहेर वर्ध्याचं. तेवढ्यावरून तिनं माझं नाव "वर्धेवाली" ठेवलं आणि शेवटपर्यंत तेच चालवलं. पहिल्याच आठवड्यात मी वाटीभर दह्यात पाणी घालून चमच्यानं ढवळत बसले होते. ही दारात येऊन उभी.

"काय करून राह्यली वो?"

"ताक करते."

"ताक? मले वाटलं दही धुऊन राह्यली!"

मी चिडले. ती खुशाल आत आली, माझ्या हातातला चमचा काढून घेतला आणि मला दंडाला धरून आपल्या घरी घेऊन गेली. तिथे खांबाला रवी बांधलेली, खाली मातीचा मोठा डेरा. तिनं दोरीची दोन टोकं माझ्या हातात दिली. मी जोर लावला तर डेऱ्यातलं दही माझ्या लुगड्यावर.

"भांडून नको राहू त्याच्याशी. पाळना हालवते ना बाई, तसं. मंग कान दे. आवाज जड आला की लोनी आलं समज. लोनी निघून मांगं राह्यते थे ताक. पातळ दह्याले ताक नाई म्हनत."

ती स्वतः घुसळायची तेव्हा मान एका बाजूला कलती ठेवायची, डोळे अर्धे मिटलेले. मध्येच म्हणायची, "बसला." म्हणजे आवाज बसला. मग गार पाण्याचा एक हबका, आणि लोणी गोळा होऊन वर. मला तो आवाज ओळखता यायला महिने लागले.

ताकाची तिची आपली पद्धत होती. खारं करायचं तर आलं, हिरवी मिरची, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, आणि खडेमीठ पाट्यावर ओबडधोबड वाटायचं. जिरं तव्यावर काळपट होईपर्यंत भाजून तळहातावर चोळायचं. एका वाटीत चुलीतला फुललेला निखारा घ्यायचा, त्यावर थेंबभर तूप, चिमूटभर हिंग, आणि धूर उठला रे उठला की त्यावर रिकामं मडकं पालथं घालायचं. मग त्या मडक्यात ताक. पहिल्या घोटाला नाकातून आधी हिंग जायचा आणि मागून जिरं. गोड करायचं तर लोणी काढायचंच नाही. सायीसकट दही घोटायचं, पाण्यात विरघळवून गाळलेला गूळ अगदी शेवटी घालायचा, वर वेलदोडा. "गूळ आधी टाकला त फाटते," म्हणायची. गोड ताक फक्त जावयांना आणि आजाऱ्यांना. "बाकीच्याइले खारं. गोडानं मानूस लाडावते."

ताक ती विकत नसे. दूध विकायची, तूप विकायची, पण ताक नाही. पुलगाव स्टेशनाजवळचा एक हॉटेलवाला एकदा कोटबिट घालून आला. त्याच्या हॉटेलात रोज लस्सी-मठ्ठा लागायचा आणि मावशीच्या ताकाची कीर्ती त्याच्या कानावर गेली होती. बिचारा मोठ्या अदबीनं म्हणाला, "बाई, रोजचा एक डेरा मले द्या, म्हनाल तो भाव देतो."

मावशी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "ताक इकते का रे कोनी? तुह्या मायनं इकलं होतं का? ताक इकलं त म्हशीचे थानं सुकते!"

तो वरमून निघाला, तर हिनं त्याला अंगणातून परत बोलावलं, ओसरीवर बसवलं आणि दोन मोठे पेले पाजले. तो तोंड लावून गटागटा प्यायला. मिशीला लागलेलं ताक पुसत तो गेला आणि ही दिवसभर तेच सांगत होती, "मोठा आला इकत घेनारा! पेऊन गेला का नाई फुकट?"

देण्याचा तिला भारी गर्व. मी गर्वच म्हणते, उगाच गोड शब्द कशाला वापरू?

आणि तिचं विरजण! ते तिच्या सासूनं हिंगणीच्या माहेराहून आणलेलं. तेव्हापासून या घरात एकदाही तुटलं नाही, रोज कालच्या दह्यातूनच आजचं लागलं, असं ती सांगायची. आळीत कुणाचं दही नासलं की ते मावशीकडे विरजण मागायला येत. त्याला एक नेम होता. आधी तिच्या घरी बसून पेलाभर ताक प्यायचं, मग विरजण. "ज्या घरचं ताक पेलं त्याच घरचं ईरजन लागते. नाई त दही रुसते," हे ती इतक्या मोठ्यानं सांगायची की परसातल्या गोठ्यापर्यंत ऐकू जायचं. तिच्या चुलतजावेशी तिचं शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण होतं, वर्षानुवर्षं बोलणं बंद. एकदा त्या जावेचंच दही नासलं. आली मुकाट्यानं वाटी घेऊन. मावशीनं मुकाट्यानं पाट मांडला, पेला दिला, तो संपेपर्यंत समोर उभी राहिली, वाटीत विरजण घातलं. दोघींच्या तोंडून चकार शब्द नाही. ती गेल्यावर मी हसायला लागले तर म्हणाली, "भांडन धुऱ्याचं हाय. दह्याचं काऊन करू?"

मला हे सगळं फार मोठं वाटायचं. अजूनही वाटतं. म्हणून तर पुढचं सांगताना जीभ जड होते.

मावशीच्या घराला मागचं दार होतं, गोठ्याकडचं. सकाळी घुसळण झालं की तिथे गावाबाहेरच्या वस्तीतल्या बाया येऊन बसत. शिवाशिव कायद्यानं बंद झाली होती म्हणतात, पण कायदा काही त्या दारातून आत आला नव्हता. बाया आपापली भांडी जमिनीवर ठेवून मागे सरकत. मावशी उंबऱ्यावर उभी राहून हात डोक्याच्या वर नेई आणि तिथून ताकाची धार सोडी. बारीक, सरळ धार, बरोबर भांड्यात. एक थेंब बाहेर नाही. त्या कसबाचं आळीत कौतुक होतं. मीही खिडकीतून कौतुकानंच बघत असे. धार बघायची मी. खाली भांडं ठेवून मागे सरकणारी बाई कधी नीट बघितलीच नाही.

त्यातली पार्वता मात्र मला ओळखीची होती. माझ्याच वयाची, ठेंगणी, तुरुतुरु चालणारी, बोलायला तिखट. मावशीच्या शेतात कापूस वेचायची, अंगण सारवायची. तिच्यासाठी गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात एक जर्मलचा पेला ठेवलेला असे. काम झालं की तीच तो पेला काढी, मावशी वरून ताक ओती, पार्वता पिऊन राखेनं पेला घासून परत कोनाड्यात ठेवी. घरातल्या पेल्यांत तो कधी आला नाही. एका वर्षी पार्वतानं अर्धेलीवर, म्हणजे निम्म्या वाट्यानं, गाय पाळायला घेतली तेव्हा तिनंही विरजण मागितलं. मावशीनं दिलं. वरूनच, तिच्या वाटीत गोळा टाकला. आधी पेलाभर ताक, पाट, समोर उभं राहणं, त्यातलं काही नाही. तो नेम मागच्या दाराला नव्हता.

मग एका चैत्रात त्या बाया यायच्या थांबल्या.

पहिल्या दिवशी मावशीला वाटलं, लग्न असेल कुठे. नंतर वाटलं, आजार असेल. चार दिवस ताक उरलं, म्हशींच्या आंबोणात गेलं. पाचव्या दिवशी ती माझ्याकडे पेला घेऊन आली, चेहरा उतरलेला.

"वर्धेवाली, पेऊन पाह्य बरं. चव बिघडली का?"

मी प्यायले. चव नेहमीचीच होती. तिला पटेना. तिनं मीठ कमी केलं. जिरं वाढवलं. डेरा उन्हात टाकला, मडकं बदललं, हिंगाची दुहेरी धुरी दिली. दार उघडं ठेवून रोज वाट बघायची. बाया येईनात. मग तिनं काय करावं? गोड ताक केलं! जावयांसाठीचं, सायीसकट घोटलेलं, गूळ-वेलदोडा घातलेलं. डेराभर! आणि गुराख्याच्या बाईबरोबर वस्तीत निरोप धाडला, आज गोड हाय म्हणून. मागच्या दारात पदर खोचून उभी राहिली, अगदी आनंदात. "पाह्य आता कशा येते थ्या!"

दुपार झाली तरी एकही आली नाही. गोड ताक उन्हानं आंबलं. मावशीनं ते उकिरड्यावर नेऊन ओतलं आणि न जेवता झोपली. तिला एवढं कळत होतं की काहीतरी बिनसलंय. ते ताकात नाही, हे काही केल्या डोक्यात शिरत नव्हतं. आणि मी सांगावं, तर मला तरी कुठे कळलं होतं?

वैशाखात तिच्या शेतात कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या उपटायचं काम निघालं. जळणाला पऱ्हाट्या न्यायच्या म्हणून मीही गेले होते. पार्वता कामावर होती. मावशी तिच्यापाशी जाऊन उभी राहिली आणि एकदम म्हणाली, "काऊन वो पार्वता, ताकाले काऊन येत नाई? काय वाईट झालं माह्या ताकाचं?"

पार्वतानं हातातली पऱ्हाटी खाली टाकली, पदरानं तोंड पुसलं.

"ताक चांगलंच राह्यते मावशी. तुमचा हात लय वर राह्यते."

"म्हंजे?"

"म्हंजे तेच. आमच्या वस्तीत ठरलं, वरून ओतलेलं आता कोनाच्या दारचं घ्याचं नाई. पोट्टे शाळेत जाऊन राह्यले. थे इचारते, माय, तू खाली बसून काऊन घेते? काय सांगू त्याइले?"

ती पुन्हा कामाला लागली. मावशी रागानं लाल झाली. "इतके वर्सं पाजलं, थ्याचं हे!" असं काहीतरी पुटपुटत बांधापर्यंत गेली. तिथे थांबली. बराच वेळ पाठमोरी उभी होती.

दोन दिवसांनी मी गोठ्याकडे गेले तर मावशी एकटीच होती. जमिनीवर रिकामा गंज ठेवला होता आणि ती कमरेत वाकून, हात अगदी गंजाजवळ नेऊन, लोट्यातलं पाणी त्यात ओतून बघत होती. मला पाहून दचकली. लोटा खाली ठेवला आणि गोठ्याच्या ओट्यावर मटकन बसली.

"लाज वाटून राह्यली मले, वर्धेवाली. म्या समजो, मी देऊन राह्यली. त्याइची मान खाली जाये, हे मले दिसलंच नाई वो. डोये फुटले होते का माहे?"

"मग जा ना, बोलवा त्यांना."

"काय तोंड घेऊन जाऊ? या बाया, आता खालून ओततो, असं म्हनू?"

लाज मलाही वाटत होती, पण तिची मोठी होती, कारण हात तिचा होता.

मग मी उन्हाळ्यासाठी माहेरी वर्ध्याला गेले. परत आले तेव्हा पाऊस लागला होता आणि मावशीकडची रवी खांबाला नुसती लटकत होती. मधल्या काळात तिचा दीर वारला होता. सुतक आलं, घरातलं दूधदुभतं, दही, ताक सगळं ओतून टाकलं. आमची आळी सगळी भावकीची, सगळ्यांनाच सुतक, सगळ्यांनीच ओतलं. माझं घर बंद, माझ्या वाटीतलं वाळून खडखडीत. सासूचं विरजण तुटलं.

पुलगावाहून कुणीतरी दुसरं विरजण आणून दिलं होतं. दही लागायचं, पण त्याला तार यायची. मावशी एक बोट बुडवून बघायची आणि म्हशीला घालायची.

"आपलं ईरजन आता एकाच घरी हाय," ती मला म्हणाली.

कुणाच्या, ते विचारायची गरज नव्हती. पार्वताच्या वस्तीत भावकीचं सुतक पोचलं नव्हतं. चुलतजावेला कुणकुण लागली तशी ती वर्षानुवर्षांचा अबोला मोडून ओसरीवर आली, "गिरजे, तिथून आनशील त तुह्या घरचं पानी पेनार नाई आम्ही," म्हणून सांगून गेली. मावशी ऐकून घेऊन आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेलं लुगडं नेसून, पितळी लोटा हातात घेऊन माझ्या दारात.

"चाल वो. मले एकटीले जावत नाई."

विरजण कुठूनही मिळालं असतं. चार-सहा वेळा लावलं की तार जाते, हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक होतं. पण तिला त्या दारात जायला काहीतरी कारण हवं होतं, आणि मागायला गेल्याशिवाय जाता येत नाही असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

भर गावातून आम्ही गेलो. वस्तीत शिरलो तशा बाया दारांत येऊन उभ्या राहिल्या. पार्वता अंगणात गाईला चारा टाकत होती. मावशी तिच्यासमोर थांबली. लोटा पुढे धरला.

"पार्वता... ईरजन पाह्यजे होतं."

पार्वता तिच्याकडे बघत राहिली, मग लोट्याकडे. "तुमच्याच घरचं हाय," म्हणाली. "बसा."

तिनं पोतं अंथरलं. मावशी बसली, मीही बसले. पार्वता आत गेली आणि दोन पेले ताक घेऊन आली.

"आधी ताक प्या. मंग ईरजन. नेम तुमचाच हाय ना मावशी?"

गोठ्यात बसून ती तो नेम इतकी वर्षं ऐकत आली होती.

मावशीनं पेला घेतला. आणि तिचा हात वर गेला. शपथेवर सांगते, तिनं मुद्दाम केलं नाही. आमच्या घरी, आळीत कुठेही ती पेल्याला तोंड लावूनच प्यायची. पण इथे हात आपोआप वर गेला, मान मागे झाली आणि ताकाची बारीक, सरळ धार तिच्या तोंडात पडू लागली. एक थेंब बाहेर नाही.

दारातल्या बाया बघत होत्या. पार्वतानं कंबरेवर हात ठेवले.

"तोंड लावून प्या मावशी. पेला घासाले राख हाय आमच्या घरी."

मावशीचा हात तसाच वर राहिला. मग हळूहळू खाली आला. तिचा चेहरा मी तसा त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. कान लाल झाले. अर्धा पेला उरला होता. तो तिनं तोंडाला लावला आणि डोळे मिटून संपवला. मीही माझा पेला तोंड लावूनच प्यायले, पण तिचं पाहून. आधी माझी पाळी आली असती तर माझा हात कुठे गेला असता, मला सांगता येत नाही.

पेला संपल्यावर मावशी उठली. अंगणाच्या कोपऱ्यात राखेचं खापर होतं, तिथे उकिडवी बसली आणि पेला घासायला लागली. मला वाटलं, आता पार्वता म्हणेल, राहू द्या मावशी. कुणीही म्हटलं असतं. ती म्हणाली नाही. तिनं मावशीला पेला आतून-बाहेरून घासू दिला, विसळू दिला.

मावशी पेला घेऊन उभी राहिली. कुठे ठेवावा ते तिला कळेना. दाराबाहेर भिंतीत एक कोनाडा होता. ती त्या कोनाड्याकडे वळली.

"तिथं कायले ठेवता?" पार्वता म्हणाली. तिनं मावशीच्या हातातून ओला पेला घेतला, आत गेली, आणि फळीवर घरातले पेले मांडले होते, त्यांच्या रांगेत ठेवून दिला. मावशी उंबऱ्याबाहेर लोटा पोटाशी धरून उभी होती, आणि आतल्या त्या फळीकडे बघत लहान पोरीसारखी रडत होती.